अश्दोदला कळवलेली रोह्याची हवा

जानेवारीत कोकणात जायचं म्हटलं की लोक अलिबागला जातात, नाहीतर मुरुडला. मी रोह्याला गेले, आठवडाभर राहिले आणि समुद्र एकदाही पाहिला नाही. का गेले ते आधी सांगते.

रिबेका माझी मैत्रीण. आम्ही दोघींनी मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगचं शिक्षण घेतलं, तीन वर्षं हॉस्टेलच्या एकाच खोलीत काढली. ती रोह्याहून नदीपलीकडच्या अष्टमीची, मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातली. वडिलांचा तेलाचा घाणा होता आणि थोडं भाताचं शेत. शिक्षण संपल्यावर वर्षभरात ते सगळे इस्राएलला गेले. तेव्हापासून ती अश्दोदला असते. तिकडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर. आधी पत्रं, मग फोन, असं आमचं चालू होतं. दोन वर्षांपूर्वी फोन थांबले, कारण तिला विसरायला होऊ लागलं.

या जानेवारीत तिच्या मुलीचा, इलानाचा, फोन आला. इलानाला मराठी येत नाही, आम्ही दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतो. ती म्हणाली, "आई रोज सकाळी उठली की रडते. एकच वाक्य म्हणते. मला कळत नाही. तुम्ही ऐका." तिने फोन आईजवळ नेला. रिबेकाचा आवाज मी लगेच ओळखला. ती म्हणत होती, "पाऊस थांबला का गो? भात उघड्यावर हाय."

माझ्या लक्षात आलं. तिकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो. तिचं मन अष्टमीला परतलं होतं, आणि अष्टमीत थंडीच्या दिवसांत पाऊस म्हणजे खळ्यावरच्या भाताची नासाडी. रोज सकाळी ती खिडकीबाहेर पाऊस बघत होती आणि घाबरत होती.

दोन दिवस मी माझ्या घरून, साताऱ्याहूनच सांगितलं, पाऊस नाही, कडक ऊन आहे. पण तिने विचारलं, "नदीला पाणी किती? पुलावर कोण बसलंय?" मी कधी रोहा पाहिलंच नव्हतं. ती म्हणाली, "तू तिथं नायच आहेस." आणि फोन ठेवून दिला.

मी एकाहत्तर वर्षांची आहे, लग्न केलं नाही, एकटी राहते. कुणाला विचारायचं नव्हतं. शेजारी किल्ली दिली, दुधवाल्याला आठ दिवस नको म्हणून सांगितलं आणि निघाले.

साताऱ्याहून पनवेलपर्यंत एसटी. अर्ध्या तिकिटात होतं, पण कंबर ठरवते तितकेच तास बसा. पनवेलला गाडी बदलून दुपारी पेणला उतरले. हॉस्टेलात रिबेका घरून पेणचे पोह्याचे पापड आणायची आणि आम्ही ते स्टोव्हवर भाजून खायचो. स्टँडजवळच्या दुकानात दोन पुडे घेतले. रोह्याच्या गाडीला वेळ होता. पेण-रोहा लाइनवर गाड्या मोजक्या, वेळापत्रक बघूनच जा. तोवर रिक्षा करून हमरापूरला जाऊन आले. गणपती भाद्रपदात, पण तिथे आत्ताच अंगणाअंगणांत पांढऱ्या कोऱ्या मूर्ती उन्हात मांडलेल्या. एक बाई मूर्तीचा कान पाण्याने घासत होती. मी विचारलं, हवा कशी आहे? ती आकाशाकडे बघत म्हणाली, "आज बरी हाय. पण वारं फिरलंय. आभाळ येईल." मी ते वहीत लिहून घेतलं. नर्सच्या सवयी जात नाहीत.

रोह्याला नदीजवळ एका लॉजमध्ये वरच्या मजल्यावर खोली मिळाली. रोजचे सातशे, गरम पाणी सकाळी आठपर्यंत, वर पत्र्याचं छप्पर. दुपारी ते तापतं आणि पहाटे गार पडतं, म्हणून पायांत मोजे आणि हातात पंखा, दोन्हींची तयारी ठेवा. गॅलरीतून कुंडलिका दिसत होती आणि पूल. पुलापलीकडे अष्टमी.

पहिल्या सकाळी सहाला उठले तर नदी नव्हतीच. धुकं इतकं की पुलाचे फक्त पहिले दोन खांब दिसत होते. शिफ्टला जाणाऱ्या कंपनीच्या बसचे दिवे धुक्यात शिरत होते आणि विझल्यासारखे नाहीसे होत होते. आठपर्यंत शाल सुटली नाही. मग सूर्य वर आला, धुकं पाण्यावरून उठलं, आणि साडेनऊला इतकं ऊन झालं की मी शाल घडी करून ठेवली. अश्दोदचे सहा म्हणजे आपले साडेनऊ. मी फोन लावला. व्हिडिओ नको असं इलानाने बजावलं होतं, आई चेहऱ्यांना घाबरते.

"रिबेका, मी सुमन."

मग हळूच, "कोण?"

"सुमन. हॉस्टेलची."

इलाना फोनवर आली, आई पांघरुणात तोंड लपवते आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी नाव सांगितलंच नाही. नुसतं म्हटलं, "धुकं उठलं गो. नदी खाली गेलीय, मधले खडक उघडे पडलेत." ती लगेच म्हणाली, "शेवंती का?" शेवंती म्हणजे तिच्या लहानपणची शेजारीण असावी. असल्या पेशंटशी वाद घालायचा नसतो, हे मी चाळीस वर्षं विद्यार्थिनींना शिकवलं. मी म्हटलं, "व्हय."

तिने पोटभर विचारून घेतलं. घाटावर कोण धुणं धुतंय, आंब्याला मोहर आला का. मी दिसेल ते सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र खोलीत खूप शांत वाटलं. पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण माझ्याशी बोलली होती, आणि माझ्याशी बोलली नव्हती.

त्या दुपारी पूल ओलांडून अष्टमीत गेले. घाण्याची जागा विचारत फिरले. एका वयस्क दुकानदाराने बोट दाखवलं. तिथे आता तीन मजली इमारत, खाली मोबाइलचं दुकान. "ज्यूंची घरं होती इथे," तो म्हणाला. "चांगली माणसं. शनवारी घाणा बंद ठेवायची. आता कोण नाय." मी दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसले. एका मुलीने विचारलं, रिचार्ज करायचंय का. मी नाही म्हटलं आणि उठले.

जेवणाचं सांगायचं तर रोह्यात थाळी बरी मिळते. वालाची उसळ, तांदळाची भाकरी, मासळी ताजी. पण एकट्या बाईला चार जणांच्या टेबलावर बसवतात आणि समोरची खुर्ची रिकामी राहते. तीन दिवसांनी मी खोलीवरच भाकरी आणून पेणचे पापड चुरून खाऊ लागले.

चौथ्या दिवशी, बुधवारी, हमरापूरच्या बाईचं खरं झालं. पहाटे धुकं नव्हतं, थंडीही नव्हती. आकाश राखेच्या रंगाचं, हवा दमट. नऊला पाऊस सुरू झाला. मोठा नाही, पण पत्र्यावर चांगला वाजेल इतका. मी खिडक्या लावल्या, फोन लावला आणि पत्र्याचा आवाज जाऊ नये म्हणून हाताने झाकून धरला.

"ऊन हाय गो," मी म्हटलं. "कडक ऊन."

ती म्हणाली, "मग पत्रा का वाजतो?"

मी फोन पदराखाली घेतला.

"खोटं का बोलतेस, शेवंते? माझं भात भिजलं ना?" आणि ती रडायला लागली. लहान मूल रडतं तशी. इलानाने फोन बंद केला. दुपारी तिचा निरोप आला, आईने सकाळपासून काही खाल्लं नाही.

खोलीत बसवेना, म्हणून छत्री घेऊन पुलाकडे गेले. पुलाच्या टोकाशी एक बाई रोज वालाच्या शेंगा विकायला बसायची. मी दोनदा तिच्याकडून शेंगा घेतल्या होत्या, तेवढीच ओळख. ती शेंगांवर प्लॅस्टिक ओढून स्वतः भिजत बसली होती. मी छत्री तिच्यावर धरली.

"काय गो बाय, तोंड का असं?" ती म्हणाली.

तिचं नाव पारू. आठवड्यात पहिल्यांदा कुणी मला असं विचारत होतं. मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. रिबेका, भात, पत्रा, सगळं. पारूने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, "भात तर आमचा कवाच झोडून झाला. कणगी भरली. या पावसानं वालावर मावा पडंल, भाताला काय व्हायचं नाय. तू सांगितलं कसं चुकीचं. पाऊस हाय तर हाय म्हणायचं. उद्या मला दे फोन."

गुरुवारी ढग विरळ झाले होते, ऊन येत-जात होतं. साडेनऊला मी पुलावर पारूशेजारी बसले आणि फोनचा स्पीकर चालू केला.

"कोण गो?" रिबेकाचा आवाज थकलेला होता.

"मी पारू. काल पाऊस आला, खरा आला. पण भात घरात हाय. मी सोता वाहून नेलं. एक दाणा भिजला नाय."

"खरं?"

"तुझ्या गळ्याची आण."

रिबेकाने इतका मोठा श्वास सोडला की तो फोनमधून मला ऐकू आला. मग त्या दोघी बोलत राहिल्या. पारूने कुणाच्या म्हशीची गोष्ट सांगितली आणि रिबेका हसली. हॉस्टेलात हसायची तशी, शेवटी नाकातून. मी बाजूला बसून होते. मला आनंद झाला होता, आणि खोटं कशाला सांगू, वाईटही वाटलं होतं. सातशे रुपये रोजाची खोली घेऊन मी जे करू शकले नव्हते, ते या बाईने शेंगा निवडता निवडता केलं होतं.

पारूला ते कळलं असावं. ती म्हणाली, "ही इथं एक बाय आलीय, सातारची. ती बसलीय माझ्याकडं."

"सातारची?" रिबेका म्हणाली. "माझी एक मैत्रीण हाय सातारची. सुमन. थंडीत येते म्हणाली होती, पोपटी खायला. आईनं मडकं आणून ठेवलं होतं. मी दोन दिवस स्टँडवर जाऊन बसले. आली नाय."

मी विसरले होते. मैत्रिणींनो, शपथेवर सांगते, मी पूर्ण विसरले होते. त्या वर्षी माझी ड्यूटी बदलली होती, की चुलतभावाचं लग्न होतं, काहीतरी होतं. मी पुढच्या थंडीत येईन असं ठरवलं असणार, आणि पुढच्या थंडीत ते तिथे नव्हते. जिचं सगळं पुसत चाललं होतं तिला ते लक्षात होतं, आणि जिची तब्येत धडधाकट तिला नव्हतं.

पारूने माझ्याकडे पाहिलं. ती फोनात म्हणाली, "आली गो. तीच आलीय. उशीर झाला तिला."

रिबेकाने जराही वेळ घेतला नाही. "मग उपाशी धाडू नको तिला," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी पारू मला पोपटीसाठी तिच्या गावी घेऊन गेली. रोह्याहून सहाआसनी रिक्षा मिळते, भरेपर्यंत थांबावं लागतं. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत वालाचे हिरवे पट्टे होते. पारूच्या सुनेने, कविताने, बांधावरच्या भांबुर्ड्याचा रानपाला आणून ठेवला होता. मडक्याच्या तळाशी पाला, मग वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये बटाटे आणि अंडी, वरून पुन्हा पाला दाबून भरला. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या आणि पेटवलं. अर्ध्या तासाने कविताने मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र करून उडून गेलं. "झाली," ती म्हणाली.

ऊन उतरलं होतं आणि थंडी पुन्हा पडायला लागली होती. शेंगा बोटांना चटके देत होत्या. पाल्याचा कडवट वास, ओवा, धूर. घरची माणसं आपापल्यात बोलत होती, सोसायटीची निवडणूक, कुणाचं बाळंतपण. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पारू मात्र माझ्यापुढची शेंगांची रास कमी होऊ देत नव्हती. "खा. मला विचारलं तर काय सांगू?" मी खात राहिले. इतकी चव मला बऱ्याच वर्षांत कशालाच लागली नव्हती, आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी इलानाच्या घरी फोन घेत नाहीत. सकाळी कडाक्याची थंडी होती, धुकं दहापर्यंत उठलं नाही. ते कुणाला कळवायचं नव्हतं. मी गॅलरीत बसून एकटीने पाहिलं. रविवारी निघाले.

जाणार असाल तर मकरसंक्रांतीच्या आसपास जा, स्वेटर न्या, आणि पोपटी कुणाच्या तरी शेतातच खा, हॉटेलात नको. आता सकाळी साडेनऊला कविताच्या फोनवरून पारू अश्दोदला हवा कळवते. रिबेका सकाळी रडत नाही, असं इलाना सांगते. माझी गरज राहिली नाही, ते योग्यच झालं. आल्यावर दोन दिवस मी त्या वेळी फोन हातात घेऊन बसत होते. मग बसणं सोडलं.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी इलानाने आपणहून फोन केला. आई झोपली होती. आम्ही एकमेकींची तब्येत विचारली आणि मग बोलायला काही उरलं नाही. मी ठेवते म्हणणार तेवढ्यात ती अडखळत म्हणाली, "आंटी, तुम्ही तिला वीस वर्षांची असताना ओळखत होतात. मला कुणी सांगितलं नाही. ती कशी होती?"

मी उठून गॅस बंद केला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि हॉस्टेलच्या पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.