बांधावरची घागर

धरणगावहून एरंडोलकडे निघालं की रस्त्याला लागूनच गिरधर पाटलाचं शेत. विलायतेहून शेतकी शिकून आलेला माणूस कपाशीत वाकून तण उपटतो, याचं गावाला आधी नवल वाटलं, मग हसू आलं, आणि शेवटी सवय झाली. पण सत्तावन्नच्या उन्हाळ्यात ह्याला झालंय तरी काय, हे कोणाला उमजेना. एका जागी बूड टेकेल तर शपथ. नांगरट अर्धी टाकून पोस्टात जायचा, पोस्टातून स्टेशनात, आणि जळगावचा पेपर गाडीतून उतरतो न उतरतो तोच हमालाच्या हातून ओढायचा. घरी ताटावर बसला तरी कान दाराकडे. बायकोने, सुनंदाबाईने, विचारणंच सोडून दिलं होतं.

त्याचा जीव अडकला होता यानोशमध्ये. हा यानोश हंगेरीचा, शेतकऱ्याचाच पोरगा. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात इंग्लंडात दोघे एकाच घरी भाड्याने राहायला आले. पहिल्याच रात्री घरमालकिणीने उकडलेले बटाटे वाढले. त्यांना ना चव, ना चेहरा. गिरधरने गुपचूप खिशातून आईने बांधून दिलेली तिखटाची पुडी काढली, आणि बघतो तर समोरचा गोरा पोरगा टेबलाखाली डबी उघडतोय. तिच्यातही लाल पूड! दोघे खदखदून हसले. यानोशने ऐटीत गिरधरचं तिखट चमचाभर तोंडात टाकलं, आणि कोट न घालताच बर्फात पळाला. परत आला तो नाक पुसत, आणखी मागत. त्या घटकेपासून दोघांचं जे जमलं ते जमलंच. गिरधरला ताप आला तेव्हा यानोशने त्याचे पाय चोळले, आणि यानोशची आई गेली तेव्हा त्याला कुशीत घेऊन गिरधर उजाडेपर्यंत बसला. सख्ख्या भावानेही ह्याहून काय करायचं असतं?

गिरधर परत निघताना यानोशने आपल्याकडच्या त्या मिरचीचं बी दिलं. गिरधरच्या आईने, भागाबाईने, ते विहिरीपाशी लावलं. मिरच्या लागल्या त्या कुंकवासारख्या लाल. म्हातारीने चव घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"रंगच रंग शे, तिखट काहीच नही. तुन्हा दोस्त भलता गोड मानूस दिखस."

तरी दरसाल ती बी राखायची. यानोशचा तिने जानोबा करून टाकला होता, आणि पत्र आलं की "जानोबानं लगीन व्हयनं का?" हाच तिचा पहिला प्रश्न.

छप्पन्नच्या दिवाळीच्या सुमाराला यानोशच्या शहरात रशियाचे रणगाडे शिरले. पेपरात छापून आलं, माणसं मेली, माणसं पळाली. त्यानंतर पत्र नाही. गिरधरने लिहिलेल्यांचं उत्तर नाही. मेलेल्यांत की पळालेल्यांत, एवढंच त्याला हवं होतं, आणि तेवढंच कोणी सांगेना.

तशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे वाडवडिलांच्या नावाने पाण्याची घागर मांडतात. वरती खरबूज, सांजोरी, आंबा. वर्षभरात घरातलं कोणी गेलं असेल तर त्याची घागर नवी, वेगळी. भागाबाई कुंभाराकडून एक घागर जास्तीची घेऊन आली. ती बघून गिरधर चवताळला.

"ही कसाले आनी? तो मरना असं कोनी सांगं तुले?"

"मी कोठे म्हनस तो मरना?"

"मंग ठेव बाहेर."

"आनि गया व्हई तर? तठे त्याले पानी देनारं कोन शे? माय तर कव्हाच गयी."

जित्या माणसाची घागर भरणं म्हणजे आपल्या हाताने त्याला मारणं. आणि मेलेल्याची न भरणं म्हणजे त्याला तहानेला ठेवणं. गिरधर अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. म्हातारी उंबऱ्यात बसून त्याच्याकडे बघत होती.

"घरमा नको मांडू," ती शेवटी म्हणाली. "वाटवर मांड. गया व्हई तर त्याले पोचई. जित्ता व्हई तर तो बी वाटसरूच शे."

त्याने घागर खांद्यावर घेतली. बांधावरच्या निंबाखाली तीन दगडांवर ठेवली, विहिरीचं पाणी भरलं, वर तांब्या पालथा घातला. दुपारी एक गाडीवान थांबला. तांब्याभर पाणी प्यायला, दुसरा डोक्यावर ओतून घेतला.

"कोननी घागर शे, भाऊ?"

"मन्हा दोस्तनी."

"कोनता गावना?"

"दूरना शे."

"सुखी ऱ्हावो बिचारा," गाडीवान म्हणाला आणि बैलांना हाक देऊन निघून गेला.

गिरधर निंबाच्या बुंध्याशी मटकन बसला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच एका जागी टेकला, आणि पोटभर रडला.

साठ सालच्या आखाजीपर्यंत तरी पत्र आलं नव्हतं. त्या सकाळी भागाबाई देवापुढे घागरी मांडत होती. तिने वाडवडिलांच्या शेजारी थोडी जागा सारवून ठेवली होती.

"आते लई ये त्याले घरमा," ती हळूच म्हणाली. "किती दिन बाहेर ठेवशी?"

गिरधरने नाही म्हणून मान हलवली, नवी घागर उचलली, आणि बांधाकडे चालू लागला.