डाव्या हाताचं डिझेल

पावसाळा सोडला तर मी आणि नवरा शिडाच्या बोटीवरच राहतो. बोट बंदरात नांगरली, की कॅन भरून आणायचे. उजव्या हातात पाणी, डाव्या हातात बोटीच्या इंजिनाचं डिझेल. हात बदलायचे नाहीत. डिझेलचा हात पाण्याच्या झाकणाला लागला, तर पुढे आठवडाभर चहालासुद्धा तोच वास! खांदे भरून येतात, मी चिडते, नवरा म्हणतो, “चल, चल.”

“घरात नळ नाय काय गं तुझ्या?” धक्क्यावर सुकट वाळत घालणाऱ्या मावशींनी आज विचारलंच.

आहे की. चोवीस तास पाणी आहे. पण पावसाळ्यात तेच घर खायला उठतं. उजव्या हाताने बादली उचलते आणि डावा हात उगाच वजन शोधत राहतो.