माहेरची काच, सासरची काच

घरामागच्या खोलीत पूर्वी एक बंद पडलेली स्कूटर, दोन जुन्या गाद्या आणि कुणालाच नको असलेले सामान होते. सहा वर्षांपूर्वी ही अडगळ हलली, तिथे विजेची भट्टी आली आणि खोलीला घरात 'कारखाना' हे नाव पडले. कारखान्यात काम करणारी व्यक्ती एकच : घरातल्या दोन जावांपैकी थोरली. चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षे भिंगे घासून ती फ्रेममध्ये बसवणाऱ्या बाईने निवृत्तीनंतर पुन्हा काचच हातात घ्यावी, याचे तिच्या नवऱ्याला नवल वाटले होते. "लोक निवृत्त झाले की कामातून सुटतात. हिने काम घरी आणलं," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. तिचे उत्तर ठरलेले होते. दुकानात हाताखालून गेलेल्या काचेला रंग नव्हता, आणि ती काच नेहमी दुसरेच काहीतरी बघण्यासाठी होती. आता तिला अशी काच करायची होती, जिच्याकडेच लोक बघतील.

काम ऐकायला सोपे आहे. पारदर्शक काचेच्या पाटीवर रंगीत काचेचे तुकडे मांडायचे, पाटी भट्टीत ठेवायची आणि तुकडे पाटीशी एकजीव होईपर्यंत तापवायची. अवघड भाग त्यानंतरचा. काच थंड होताना आकसते, आणि सगळ्या काचा सारख्या आकसत नाहीत. थोरलीकडे दोन जातींची काच होती. पहिली जुन्या व्यापाऱ्याकडची, जिच्यावर ती हे काम शिकली. तिला ती 'माहेरची' म्हणे. दुसरी नंतरच्या व्यापाऱ्याकडची, म्हणून 'सासरची'. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. आगीत दोघी बिनबोभाट एक होत. थंड होताना मात्र एक जास्त आखडे, दुसरी कमी, आणि मध्ये ताण धरला जाई. असा ताण लगेच दिसतोच असे नाही. चार वर्षांपूर्वी तिने बहिणीला दिलेले ताट तीन महिने कपाटात शहाण्यासारखे उभे होते. मग एका दुपारी, घरात कुणी शिंकलेही नसताना, ते तडकन दुभंगले. बहिणीने दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून परत आणले आणि ती एवढेच म्हणाली, "तुझं तू बघ बाई."

तेव्हापासून माहेरच्या काचेच्या डब्यांच्या झाकणावर थोरली लाल नेलपॉलिशचा एक ठिपका देई. सासरच्या डब्यांना ठिपका नसे. ही खूण तिने कुणाला समजावून सांगितली नव्हती. कारखान्यात दुसरे कुणी हात लावत नसल्यामुळे सांगण्याची वेळच आली नव्हती.

ती वेळ आली खुल्या स्टुडिओच्या आठवड्यात. रविवारी दहा ते पाच कारखान्याचे दार लोकांसाठी उघडे राहणार होते. तशी पत्रके छापून वाचनालयात, दवाखान्यात आणि चष्म्याच्या दुकानात लावली होती. पत्रकावर ज्या कामाचे चित्र होते ते काम अजून व्हायचे होते : दोन हात लांब, हातभर उंच काचेवर गच्चीतली एक दोरी आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे. सदरे, फ्रॉक, चादर, टॉवेल, एक एकटा मोजा. एवढे मोठे काम तिने कधी केले नव्हते, आणि खिडकीत उभे करून त्याच्या शेजारी उभे राहण्याची तिची तयारीही प्रथमच झाली होती. आजवर कुणी कौतुक केले तर ती "चाळा आहे आपला" म्हणून विषय बदलत असे.

मंगळवार ते गुरुवार ती कपडे मांडत होती. बुधवारी दुपारी सुताराकडे स्टँड आणायला गेली, तेव्हा शेजारच्याच इमारतीत राहणारी धाकटी जाऊ मदतीला म्हणून कारखान्यात आली. धाकटीची मदत हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ती दवाखान्यात औषधे देण्याच्या खिडकीवर काम करते, आणि अर्धवट भरलेला डबा तिला बघवत नाही.

गुरुवारी थोरलीने टॉवेल मांडायला घेतला तेव्हा हिरव्या तुकड्यांचा डबा काठोकाठ भरलेला होता. संपत आला असे वाटत होते, बरे झाले, असे म्हणून तिने त्यातून पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल मांडला, चार वाजता पाटी भट्टीत ठेवली आणि झाकण लावले.

शुक्रवारी अकरा वाजता ती कारखान्यात शिरली आणि दारातच थबकली. भिंतीवरच्या फळीवर पारदर्शक बरण्यांची रांग लागली होती. जांभळी, निळी, हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल. प्रत्येक बरणी गळ्यापर्यंत भरलेली, प्रत्येकीवर ऊन पडलेले. धाकटी स्टुलावर चढून शेवटची बरणी पुसत होती.

"कसं दिसतंय, ताई? लोक दारातच वेडे होतील."

"डबे कुठायत?"

"कसले मेले ते गंजके डबे! घासून बाहेर वाळत ठेवलेत. झाकणांवर कसले तरी लाल डाग होते, तेही काढले. हात दुखले माझे."

थोरली खाली बसली. खुर्ची दोन पावलांवर होती, पण ती जमिनीवरच बसली.

तिने थोडक्यात सांगितले तेव्हा धाकटीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "अगं बाई! पण मला काय माहीत? काचेला काय जात असते का? आणि डागाचा अर्थ आम्ही स्वप्नात बघायचा?"

"तुझी चूक नाही."

"असं म्हणू नका. तुम्ही असं म्हणता तेव्हा नक्की माझी असते."

आवाज ऐकून नवरा आला. तो बस डेपोत वेळनोंदणी करत असे, आणि कुणी नुसते 'घोटाळा झाला' म्हटले की त्याला वेळ विचारल्याशिवाय राहवत नसे. त्याने स्टूल ओढले आणि धाकटीला समोर बसवले.

"बरण्या कधी भरल्यास?"

"आज सकाळी, भाऊजी."

"मग भट्टी काल चार वाजता लागली. आजचं आज. काही बिघडलं नाही." तो उठायलाही लागला होता.

"पण..." धाकटी पदराशी चाळा करत म्हणाली, "बुधवारी थोडंसं केलं होतं. हिरव्याचे दोन डबे अर्धे-अर्धे होते. म्हटलं एक करून टाकू, एक डबा रिकामा होईल."

"फक्त हिरवा?"

"आणि पिवळा. पिवळा केला असेल. नाही... केलाच. नाही हो, पिवळ्याचं झाकण निघेना, म्हणून सोडला वाटतं."

"वाटतं म्हणजे काय? निघालं की नाही निघालं?"

"अहो, ती काय कोर्टात उभी आहे का?" थोरली जमिनीवरूनच म्हणाली. पण तिनेही वही मागवली. वहीत भट्टीचे तापमान तासागणिक लिहिलेले होते. कोणत्या दिवशी कोणता कपडा मांडला तेही होते. तुकडे कोणत्या डब्यातले, हे कुठेच नव्हते. मंगळवारी सदरे आणि चादर, बुधवारी सकाळी मोजा आणि निळा परकर; ही सगळी मंडळी सुटली. गुरुवारी टॉवेल आणि पिवळा फ्रॉक. पाटी माहेरच्या काचेची, टॉवेलात हिरवे तुकडे चौदा, आणि त्यांत सासरचे किती ते देव जाणे. फ्रॉकमधल्या पिवळ्यांबद्दल दोन साक्षी उपलब्ध होत्या, आणि त्या दोन्ही धाकटीच्याच होत्या.

"उघडून बघू या की," नवरा भट्टीकडे बघत म्हणाला. "जरा फट."

"आत्ता आत तीनशेच्या जवळ आहे. गार हवा लागली तर चांगली काचसुद्धा फुटेल. मग तुमचा तपास पूर्ण होईल."

तो मागे सरला. भट्टी आपल्या वेळेने निवणार होती, आणि ती वेळ शनिवारी सकाळच्या आधी येणार नव्हती. मधल्या वेळात कारखान्याची जमीन तीनदा पुसली गेली. धाकटीने पुसली, थोरलीने तिला नको म्हणून सांगितले, आणि मग स्वतः पुसली. पत्रकाचा विषय कुणी काढला नाही. संध्याकाळी धाकटी घरी निघताना दारात घुटमळली.

"ताई, फुटली असली तर मी रविवारी आजारी पडू का? म्हणजे लोकांना सांगायला बरं. घरात आजारपण आहे, म्हणून बंद."

"तू आजारी पडलीस तर चहा कोण देईल?" थोरली म्हणाली. दिवसभरात ती प्रथमच हसली, पण जेवली नाही.

शनिवारी नऊ वाजता भट्टीच्या पडद्यावर एकेचाळीसचा आकडा आला. थोरलीने झाकण उचलले. तिघांनी एकदमच आत डोके घातल्यामुळे पहिल्यांदा कुणालाच काही दिसले नाही.

काच अखंड होती. दोरी, सदरे, वाऱ्याने फुगलेली चादर, सगळे ठिकाणावर. कडा मऊ गोलावल्या होत्या, रंग ओल्यासारखे चमकत होते. धाकटीने टाळी वाजवली.

"थांब," थोरली म्हणाली. "ते ताटही अखंडच होतं."

तिने कपाटातून करड्या फिल्मचे दोन मोठे तुकडे काढले. चष्म्याच्या दुकानात भिंगातला ताण तपासायला असतात तसलेच होते. दुकानाच्या मालकांनी निरोपाच्या दिवशी शालीऐवजी हे द्या, असे तिने मागून घेतले होते. एक फिल्म तिने खिडकीच्या तावदानाला चिकटवली आणि दुसरी तिच्यापुढे धरून हळूहळू फिरवली, तसा उजेड मावळत जाऊन खिडकी काळी झाली. या दोन काळोखांच्या मध्ये काच धरायची. काच सुखात असेल तर काळोख तसाच राहतो. ताणात असेल तर तुकड्याभोवतीच्या पारदर्शक काचेत उजेडाचे कडे उमटते.

नवऱ्याने आणि धाकटीने दोन बाजूंनी काच उचलून धरली. थोरली पुढची फिल्म घेऊन डावीकडून निघाली.

"सदरा. काळं. दुसरा सदरा... काळं. चादर काळी."

"काळं म्हणजे चांगलं ना?" धाकटीने कुजबुजत विचारले.

"चांगलं. हलू नकोस."

मोजा, परकर. मग पिवळा फ्रॉक. इथे फिल्म बराच वेळ एका जागी राहिली, कारण तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नव्हता. फ्रॉकही काळाच. झाकण खरोखरच निघाले नव्हते.

टॉवेल उजव्या टोकाला होता. एक, दोन, तीन, ती मोठ्याने मोजत गेली. बाराव्या तुकड्यापर्यंत काळोख होता. तेरावा तुकडा टॉवेलाच्या बाहेरच्या काठाला होता, नखाएवढा. त्याच्याभोवती पांढरे, बारीक, स्पष्ट कडे उजळले. चौदावा पुन्हा काळा.

"एकच?" नवऱ्याने विचारले.

"एकच."

"मग चालेल की! चौदातला एक."

"आज चालेल. उद्या चालेल. कधी चालणार नाही ते ती आपल्याला विचारून ठरवणार नाही." तिने काच टेबलावर ठेवायला लावली, तेराव्या तुकड्यापासून चार बोटे आत पट्टी धरली आणि पेन्सिलीने उभी रेघ मारली. रेघ टॉवेलाच्या मधोमध गेली.

धाकटीने डोळे मोठे केले. "कापणार? ताई, एवढं छान झालंय!"

"म्हणूनच."

पाण्याच्या धारेखाली फरशी कापायचे यंत्र अंगणात होते. ताण धरलेली काच कापताना वाटेल तिकडे पळू शकते, हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने बाकीच्या दोघांना दारामागे उभे केले आणि स्वतः चष्मा लावला. आवाज साधारण सहा मिनिटे चालला. त्या सहा मिनिटांत नवऱ्याने दोनदा घड्याळ पाहिले, आणि धाकटीने आपले आयुष्यभर डबे एकत्र न करण्याचे एक वचन पुटपुटले, ज्यावर त्या क्षणी कुणाचाच विश्वास नव्हता. शेवटी शेवटी कडकन आवाज आला.

थोरली यंत्र बंद करून आत आली. उजव्या हातात कापलेली पट्टी होती, तिचे दोन तुकडे झालेले. "ही फुटली," ती म्हणाली. "तेरावा तुकडा जिथे होता, बरोबर तिथूनच." मग ती तसेच ओल्या हातांनी मोठी काच आणायला पुन्हा बाहेर गेली.

मोठी काच पुसून पुन्हा दोन फिल्मांमध्ये धरली गेली. नवी कड वरपासून खालपर्यंत काळी होती. डाव्या टोकापर्यंत परत जाऊन तिने प्रत्येक कपडा दुसऱ्यांदा तपासला, आणि मग फिल्म खाली ठेवून एक लांब श्वास सोडला.

"पण टॉवेल अर्धाच राहिला," धाकटी चाचरत म्हणाली.

"उरलेला शेजारच्यांच्या गच्चीत गेला. वारा किती आहे बघ चादरीला."

धाकटी हसता हसता रडायला लागली, नवरा "आता हे काय नवीन" म्हणत चहा टाकायला गेला. चहा येईपर्यंत थोरली खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. दोन दिवसांची झोप होती ती. भर दुपारी तोंड उघडे टाकून, घोरत. कड घासून गुळगुळीत करायची राहिली होती. तिला कुणी उठवले नाही. तीन वाजता आपोआप उठली आणि कामाला लागली.

रविवारी किती लोक आले याबद्दल घरात एकमत नाही. धाकटी सत्तर म्हणते. नवऱ्याने पुन्हा पुन्हा आलेल्यांना एकदाच धरून त्रेपन्न नोंदवले आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी आधी बरण्यांचे कौतुक केले, आणि धाकटीने ते मान खाली घालून, पण पूर्ण ऐकून घेतले. दुपारी जाड भिंगांचा चष्मा घातलेले एक आजोबा आले. तो चष्मा थोरलीनेच कधीतरी बसवला होता. ते खिडकीतल्या काचेपुढे बराच वेळ उभे राहिले, मग त्यांनी बोटाच्या पेराने चादरीवर टक टक असे चांगले दणकून वाजवले. खोलीच्या दोन टोकांना नवऱ्याचा आणि धाकटीचा श्वास अडकला.

"वाजवा, वाजवा," थोरली म्हणाली. "पक्की आहे."