आळंदचा ठोका

सिद्राम गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववीच्या वह्या तपासत होतो. उमरगा रोडवर मागून ट्रक आला. हॉर्न दाबून धरला होता, असं ड्रायव्हर रडत सांगत होता म्हणे. खरंच सांगत असणार... सिद्रामचे कान केव्हाच गेले होते, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही दोघं मादन हिप्परग्याचे, एका बाकावरचे. मी मास्तर झालो, त्यानं आळंदच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याचे वडील भीमण्णा हलगी वाजवायचे. एका दुपारी सिद्रामनं दुकानाचं शटर ओढलं, वडिलांना समोर बसवून मोबाइलवर हलगी रेकॉर्ड केली आणि कम्प्युटरवर तिचे तुकडे पाडले. बारीक काडीची चटचट वेगळी, जाड काडीचा घुमारा वेगळा. खाली यंत्राचा बास घातला, कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त लागणारा. आणि ठोका पडायच्या आधी तो सगळंच बंद करायचा. क्षणभर काहीच नाही... नाचणाऱ्याचा पाय उचललेला तसाच राहायचा, मग धाडकन सगळं अंगावर कोसळायचं. ‘मास्तर, लोक आवाजावर न्हाई, त्या खड्ड्यावर नाचतेत,’ असं तो म्हणायचा. आज अफजलपूरपासून उमरग्यापर्यंत वरातीत आळंदचा ठोका म्हणून जे वाजतं, ते त्या दुपारी जन्मलं.

पण त्या ठोक्यानं पहिला घास घरातलाच घेतला. डीजे आल्यावर हलगीवाल्यांना कोण बोलावणार? भीमण्णा ओट्यावर बसून राहायचे. ‘अप्पा, तुमचा हात चार तालुक्यांत वाजायलाय,’ सिद्राम कौतुकानं सांगायचा. ‘हात फिरायलाय, मी घरीच हाय की,’ म्हातारा म्हणायचा. तो वारला तेव्हा अंत्ययात्रेपुढं वाजवायला गावात हलगीवाला उरला नव्हता. शेवटी डीजेची गाडीच आणली. भीमण्णांच्या प्रेतापुढं भीमण्णांचीच हलगी वाजत होती, आणि पोरं सवयीनं पाय उचलत होती. सिद्राम खांदा देऊन चालत होता. त्यानं गाडी थांबवली नाही.

सिद्राम स्वतःच डीजे झाला होता; स्पीकरच्या भिंतीपुढं वर्षानुवर्षं उभं राहून पुढं त्याचे कान गेले. तो कबूल करायचा नाही. स्पीकरवर तळहात ठेवून ठोका धरायचा. गेल्या लग्नसराईत आळंदला डीजेंची स्पर्धा झाली. स्टेज उंच, स्पीकर हात पोचणार नाही इतके दूर. सिद्राम वाजवत असताना त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या दोघांनी मागून वायर उपटली. आवाज बंद. आणि सिद्राम डोळे मिटून, एक हात वर करून वाजवतच राहिला. मैदानात हसू फुटलं. त्यानं डोळे उघडले तेव्हा त्याला हजारभर उघडी तोंडं दिसली. त्याला वाटलं, लोक खूश झालेत. त्यानं वाकून नमस्कार केला...

मीही हसत होतो.

खाली उतरल्यावर कुणीतरी उपटलेली वायर त्याच्यापुढं नाचवली, तेव्हा त्याला कळलं. तो सरळ माझ्याकडं आला. ‘तू कामून हसायलतास?’

‘मी न्हाई हसलो,’ मी म्हणालो.

तो माझ्या ओठांकडं बघत होता. ‘ऐकू येत न्हाई मला,’ तो म्हणाला. ‘दिसतंय की.’

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मीही गेलो नाही. शाळा, परीक्षा, कारणं भरपूर होती. तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी वायर उपटणाऱ्या त्याच दोघांनी बाजारात त्याचा मोठा फोटो लावला, हार घातला आणि मोठ्यानं त्याचाच ठोका वाजवला. गर्दी चांगली जमली होती.

मागच्या आठवड्यात अखेर त्याच्या घरी गेलो. त्याची बायको महादेवी चहा ठेवायला आत गेली. सिद्राम बसायचा त्या लोखंडी खाटेवर मी दाराकडं पाठ करून बसलो होतो. ती चहा घेऊन आली आणि काही न बोलता तिनं खाटेच्या पायाला पायानं ठोकर मारली. हादरा थेट माझ्या पाठीच्या मणक्यात चढला. मी दचकून वळलो. तीही थबकली होती, कप हातात तसाच.

‘चुकलं, अण्णा,’ ती म्हणाली. ‘तुमाला ऐकू येतंय, न्हाई का.’