उपाशीपोटी

सरकारी दवाखान्याच्या पायरीवर एक म्हातारी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत होती. मी एका दाखल्यावर सही घ्यायला आलो होतो. तिला साखर तपासायला उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. पण इथे रक्त घेतात दहापर्यंतच, आणि तिच्या गावची पहिली एसटी पोचते साडेअकराला. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं होतं, "आजी, उद्या या. उपाशीच या."

ही दहाची वेळ ठरवणाऱ्याने ती एसटी कधी पाहिली तरी आहे का? गेल्या आठवड्यात माझं रक्त न्यायला माणूस घरी आला होता. त्याला दहा मिनिटं उशीर झाला, तर चहा लांबला म्हणून मी त्याच्यावर खेकसलो. नियम दोघांना एकच, उपाशीपोटी. माझा उपास मात्र अंथरुणातच संपतो.

"उद्याही गाडी साडेअकरालाच येणार ना?" मी विचारलं.

"म्हनून तर आज हितंच ऱ्हाते."

एवढं बोलून तिने गाठ पुन्हा आवळली.

"अहो आजी, आता तरी खाऊन घ्या!"

"नगं बाबा. उपाशीच या म्हनली न्हवं? आता खाल्लं, आन् उद्या पुन्ना न्हाई म्हनली तर?"