कचऱ्याचा वार चुकला म्हणून

विनायकरावांची आणि माझी पहिली भेट जपानात, कोबेत, कचऱ्याच्या जाळीपाशी झाली. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात हे शोभत नाही, पण झालं तसंच. कॉलेज अर्धवट सोडून मी त्यांच्या इमारतीत राहायला आले होते, कामं बदलत. विनायकराव पिशव्या उचकत होते.

"काका, काही हरवलं का?"

"हरवलं नाही गं, टाकलंय. धर हे."

केंजी-सानना जाऊन आठवडाच झाला होता. दोघं तीस वर्षं एका घरात राहिले, पण कागदोपत्री विनायकराव नुसते 'दोक्योनिन', म्हणजे सोबत राहणारे. म्हणून अंत्यविधीला शेवटच्या रांगेत बसले. घर केंजी-सानच्या पुतण्याने आवरलं, त्यांच्या डिस्कोच्या तबकड्या जळाऊ कचऱ्यात घातल्या. इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला; बाहेरगावचा तो, वार चुकला. गाडीवाले लाल चिठ्ठी चिकटवून पिशव्या तिथेच सोडून गेले.

"नियम पावला," विनायकराव म्हणाले. हसले नाहीत.

मला डिस्को म्हणजे वरातीतला फिरता दिवा. विनायकराव नोकरीच्या काळात व्यापारी कंपनीत आठवडाभर टाय लावत आणि रविवारी दुपारी, केंजी-सान जिथे तबकड्या लावत, त्या पुरुषांच्या छोट्या क्लबात जात. त्यांनी सांगितलं, "हे संगीत आधी रेडिओने वर नाही आणलं. अमेरिकेत एकमेकांसोबत नाचले म्हणून पोलीस ज्यांना उचलत, त्या पुरुषांच्या क्लबांनी आणलं. त्यांत काळे होते, लॅटिन होते. नाच तुटू नये म्हणून एका गाण्याच्या शेपटाला दुसरं जोडत. तिथे चाललं, ते मग रेडिओवर. जगाने गाणी घेतली, माणसं नाही घेतली. कितीतरी एड्सने गेली."

मला ताप आला तेव्हा विनायकराव तीन दिवस मऊ भात दाराशी ठेवून जात.

"आत या ना, काका."

"लोक बोलतील."

"तुमच्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल गं, वेडे!"

असो, भरकटले. या ग्रंथासाठी संपादकांचा परिचय-अर्ज आला. 'कुटुंब' या रकान्यात विनायकरावांनी रेघ ओढली होती.

"काका, इथे केंजी-सानचं नाव लिहू?"

बराच वेळ ते तबकडीचं वेष्टन पुसत राहिले.

"लिही. 'जी' दीर्घ काढ."

संपादकांना विनंती, ती रेघ छापू नये, नाव छापावं. विनायकरावांना त्या 'जी'सारखंच दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. आणि टाईप जरा मोठा घ्या, चष्मा नसतानाही त्यांना वाचता यावं.