नव्या बाटलीची पहिली काच

आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं रक्ताच्या काचा तपासणाऱ्या बाईंना सगळी गल्ली काचताई म्हणायची. बाई हसऱ्या, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. कुणी तापाने कण्हताना दिसलं की हातातला चहा ठेवून त्या आधी त्याचं बोट धरत. नवरा म्हणायचा, "माझा हात हिने पहिल्यांदा धरला, तोही टोचायलाच!"

एकदा गल्लीत आठवड्याभरात हिवतापाचे तीन रोगी निघाले. शिंप्याची दोन मुलं आणि सुताराची बायको. औषधाने तिघंही ठणठणीत झाली, पण गल्लीने गुन्हेगार ठरवून टाकला. शिंप्याच्या मागच्या खोलीत दीड महिन्यापूर्वी राहायला आलेला ट्रक ड्रायव्हर. लांबून आलेला, एकटा माणूस, म्हणजे आजार त्यानेच आणला असणार! शिंप्याने त्याला रविवारपर्यंत खोली सोडायला सांगितली.

काचताईंनी ड्रायव्हरचं रक्त तीन वेळा तपासलं. स्वच्छ! "अहो दादा, त्याच्या अंगात काही नाही," त्यांनी शिंप्याला बजावलं.

शिंपी कात्री न थांबवता म्हणाला, "मग डास काय आभाळातून ताप घेऊन आले, ताई?"

प्रश्न चोख होता, हीच तर पंचाईत. डास काही ताप घेऊन जन्माला येत नाही. कुणाला तरी चावताना डासाची मादी रक्ताबरोबर हिवतापाचे नर-मादी जीव पिते. तिच्या पोटात त्यांचं जुळतं, पोटाच्या भिंतीवर पिल्लावळ वाढते आणि दहा-बारा दिवसांनी लाळेत उतरते. मग पुढचा चावा. पुढच्या माणसाच्या यकृतात आठवडाभर गुपचूप मुक्काम, आणि मग रक्तपेशी फोडत हुडहुडी. म्हणजे मुळाशी एक माणूस हवाच. काचताईंनी गल्लीतली छप्पन्न बोटं टोचली, नवऱ्यालाही सोडलं नाही. तो माणूस काही सापडेना. ड्रायव्हर मात्र मान खाली घालून सामान आवरत होता, आणि ते बघून त्यांचा जीव तुटायचा.

शनिवारी प्रयोगशाळेत काचेवरचं रक्त रंगवायच्या रंगाची नवी बाटली आली. नव्या बाटलीची पहिली काच काचताई नेहमी स्वतःच्या रक्ताची करत. आपलं रक्त साफ, त्यावर रंग कसा चढतो ते नीट कळतं, असा त्यांचा शिरस्ता. टोचलं, पसरलं, वाळवलं, रंगवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रंग झकास चढला होता. आणि मधोमध हिवतापाचा, केळ्यासारखा बाकदार एक जीव ऐटीत पहुडला होता!

काचताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेजारी दुसरा होताच. मग आठवलं. दीड महिन्यापूर्वी बहिणीकडे राहून आल्यावर दोन दिवस अंग मोडून आलं होतं. प्रवासाचा शीण म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. लहानपण तिथल्याच तापाच्या मुलखात गेलेलं, त्यामुळे शरीराने दुखणं निमूट पचवलं होतं. छप्पन्न बोटं टोचली, राहिलं ते स्वतःचं! शिंप्याची मुलं आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ड्रायव्हर आठवला, आणि एवढा आनंद झाला की त्या एकट्याच खो खो हसत सुटल्या.

"दादा, सापडला माणूस," दुकानात शिरत त्या म्हणाल्या. "मीच ती!"

"त्याला वाचवायला काहीही सांगताय," शिंपी म्हणाला.

काचताईंनी त्याला ओढतच केंद्रात नेलं. सुईत दोरा ओवणारा डोळा त्याचा, केळं झटकन दिसलं. तो तडक घराकडे वळला.

ड्रायव्हर दारात वळकटी बांधत होता. शिंप्याने त्याची लोखंडी पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि पुन्हा खोलीत नेऊन ठेवली. काचताईंनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं आपलं पाप कबूल केलं आणि चारचौघांत औषधाच्या गोळ्या गिळल्या.

ड्रायव्हरने आज पहिल्यांदाच मान वर केली होती. "ताई," तो हसत म्हणाला, "आता तुम्हाला कुणी घर सोडायला सांगितलं, तर सरळ माझ्याकडे या. माझी खोली पक्की आहे."